बरंय

टाचणीला आमच्या घरात मीच आणलं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोयच नाही.

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. अंगाने काडी, आणि बोलली की नेमकं टोचणार, म्हणून मीच तिचं नाव टाचणी ठेवलं. पहिल्या वर्षी अभ्यासाला म्हणून तिला घरी बोलावलं. दार दादाने उघडलं. मी आत पुस्तकं मांडून बसले, चहा निवला, तरी ही दोघं आपली दारातच उभी, हसतायत. पुढचं सांगायला नको. आज ती माझी वहिनी आहे. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर तीच, घरी जेवताना समोर तीच, सकाळी आंघोळीला गेलं तर आत तीच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात म्हणे. मी तो धोंडा दोन्ही हातांनी उचलून घरी आणला आणि त्याला चहा पाजला.

आईची ताकीद होती, घरी तिला वहिनी म्हणायचं. लॅबमध्ये टाचणी, घरी वहिनी. रागाच्या भरात माझं उलटसुलट व्हायचं. एकदा आमच्या गाईड मॅडमसमोर मी "वहिनी, तो स्क्रू ड्रायव्हर दे" म्हणाले आणि अख्खी लॅब खिदळली.

मला तिचा हेवा वाटतो, आडपडदा कशाला ठेवू? तिची आकडेमोड सुबक, तिचं अक्षर सुबक, आणि मॅडम तिच्या टेबलापाशी थांबल्या की पाच मिनिटं हलत नाहीत. माझ्या टेबलावरून नुसती मान हलवून जातात. दादाचं मी सोडून दिलं. त्याला कुणीतरी नेणारच होतं. मॅडमचंही एक वेळ सोडलं असतं. पण आईचा पाय? तो माझा होता.

आई पोस्टात खिडकीवर बसायची. लोकांना झापण्यात तिची हयात गेली. "पिनकोड कोण लिहिणार, मी?" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलंय की ते आमच्या घरात आडनावासारखं वापरलं जातं. निवृत्तीनंतर वळणावर एका गाडीने तिला उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मग कृत्रिम पाय आला. त्या पायात वरच्या बाजूला एक वाटी असते, उरलेला पाय त्या वाटीत बसतो. आम्ही तिला सॉकेट म्हणतो, आई वाटीच म्हणते. पाय कितीही भारी असला तरी ती वाटी नीट बसली नाही तर सगळं फुकट. आईला ती टोचायची. तिने तो पाय पलंगाखाली सरकवला आणि कुबड्या घेतल्या. म्हणून मी हे मास्टर्स घेतलं. आईला चालवायचं, बस्स, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

टाचणीचा विषय हृदय होता. हृदयाचे सिग्नल, त्यातली गडबड ओळखायची. छान, मोठा, परदेशी परिषदांना जाता येईल असा विषय. लग्न झालं, सासूचा पलंगाखालचा पाय बघितला, आणि बाईसाहेबांनी मॅडमकडे जाऊन विषय बदलून घेतला. मला म्हणाली, "मिरचे, दोघींनी मिळून करू." मिरची हे दादाने मला ठेवलेलं नाव. तेसुद्धा घेतलं तिने.

मॅडम म्हणाल्या, "मिळून नाही. दोघींच्या पद्धती वेगळ्या आहेत, वेगवेगळ्या करा. ज्या पद्धतीचं सॉकेट चांगलं ठरेल तीच मी हॉस्पिटलमधल्या खऱ्या पेशंटना देणार, आणि तीच मुलगी तिथे काम करायला जाईल. दुसरीने नुसता प्रबंध लिहायचा." मग चष्मा काढून आणखी एक बोलल्या. "आणि घरचं माणूस चाचणीला घेऊ नये असा माझा नियम आहे."

"का, मॅडम?"

"घरचं माणूस गोड असतं."

पण दुसरं वारंवार लॅबमध्ये यायला तयार कोण होणार? आईने स्वतः अर्ज केला, कॉलेजच्या परवानगी देणाऱ्या समितीने तिला बोलावून प्रश्न विचारले, तिने त्यांनाही झापलं, आणि परवानगी मिळाली. मॅडमनी अट मात्र घातली: एकीची चाचणी चालू असेल तेव्हा दुसरीने खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मला वाटलं, बरंच झालं. आई आणि मी, मध्ये कुणी नाही.

माझी पद्धत अशी. सॉकेटच्या आतून पातळ सेन्सर चिकटवायचे. आई चालली की कुठे किती दाब पडतो ते पडद्यावर दिसतं. पण किती दाब म्हणजे जास्त, हे यंत्राला कळत नाही. एकाला जे दुखतं ते दुसऱ्याला गुदगुल्या. तेव्हा पेशंटला विचारायचं, इथे दुखतंय का, आणि तो सांगेल त्याप्रमाणे हिरवं कुठपर्यंत, लाल कुठून, ते ठरवायचं. एकदा ते ठरलं की सॉकेट कुठे कोरायचं, कुठे सैल करायचं, ते पडदाच सांगतो. टाचणीची पद्धत थोडी वेगळी, पण हा विचारायचा भाग दोघींचा सारखाच.

आईने माझा पाय पहिल्यांदा घातला तेव्हा मी एकटक तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दांडीला धरून चालली. वळली. परत आली.

"दुखतंय?"

"बरंय."

"नडगीवर? पुढच्या बाजूला? तिथे आकडा मोठा येतोय."

"अगं बरंय म्हटलं ना, बाळ. छान झालंय."

आता सेन्सर म्हणतो दाब जास्त, आणि आई म्हणते बरंय. मी कुणाचं ऐकणार? सेन्सर कालचा, आई जन्माची. मी नडगीची लाल रेघ वर सरकवली. पुढच्या वेळी आकडा आणखी चढला, आई म्हणाली बरंय, मी रेघ आणखी वर सरकवली. हळूहळू अख्खा पडदा हिरवागार झाला. सॉकेट पहिल्या फटक्यात बसलं, मला एकदाही कोरावं लागलं नाही, म्हणून मी लॅबभर नाचायचीच बाकी होते.

टाचणीचं काय चाललंय ते दाराबाहेर बसून कळायचं. शब्द कळायचे नाहीत, पण आईचा आवाज कळायचा. वर चढायचा, खाली यायचा, मधेच हसू. तासभर! माझी चाचणी पटकन आटपायची: चालली, बरंय, चहा, घरी. आणि हिच्याशी तासभर काय बोलत होती? मी बाहेरच्या बाकावर बसून नखं कुरतडत होते. पोटच्या पोरीशी एका शब्दात, आणि सुनेशी गप्पांचा फड. टाचणी बाहेर यायची ती घामाघूम, कानशिलं लाल, आणि सॉकेट बगलेत मारून सरळ कोरायच्या यंत्राकडे. तिने ते किती वेळा कोरलं, देव जाणे. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. बसत नाही म्हणजे बसत नाही, बसा कोरत.

एक दिवस मी दुपारीच घरी आले. स्वयंपाकघरातून टकटक असा पावलांचा आवाज. कुबड्यांचा नव्हे. बघते तर आई ओट्यापाशी उभी, दोन्ही हात कुबड्यांपासून मोकळे, एका हातात कपबशी, आणि पायात टाचणीचा पाय.

मला बघून ती चोरासारखी स्टुलावर बसली.

"हा कसा घातलास?"

"सहज गं. जवळ होता."

"आणि माझा?"

"तुझा कपाटात ठेवलाय. जपून. इतका चांगला पाय घरात कशाला वापरायचा? घरातल्या घरात हा चालतो."

चांगल्या कपड्यांसारखा माझा पाय कपाटात. दुसरी एखादी असती तर तिला तिथेच उमजलं असतं. मला मात्र फक्त इतकंच दिसलं की आई चालतेय, आणि माझ्या पायावर चालत नाहीये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

टाचणी गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी गेले ती थेट तुटूनच पडले.

"दादा घेतलास, बोलले नाही. मॅडम घेतल्यास, बोलले नाही. आता आईपण? तुला स्वतःची आई नाही का?"

तिच्या हातात दादाचा शर्ट होता. तो तिने शांतपणे झटकला. "आहे की. फोनवर आहे. रोज विचारते, सासू कशी आहे."

"काय सांगतेस मग?"

"सांगते, फार बोलतात." तिने चिमटा लावला. "मिरचे, तुला गंमत वाटते का गं? त्या मला काय काय म्हणतात, माहितेय? वाटी आहे का उखळ. कुणी शिकवलं तुला, त्याची फी परत माग. इथे टोचतंय, तिथे कुरकुरतंय, आंधळी आहेस का. मी रडलेय बाथरूममध्ये. तुला काय म्हणतात?"

"बरंय म्हणते."

"बघ. मला आजवर एकदाही बरंय म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही गं." आणि तिचे डोळे खरंच भरले. "तू कशाला जळतेस? जळायचं ते मी."

काय सांगू मला काय वाटलं! उन्हाळ्यात गार पाणी प्यावं तसं झालं. टाचणीला माझा हेवा! लेकी बोले सुने लागे ही म्हण जगाची. आमच्याकडे सुनेलाच सरळ बोलणी बसत होती आणि लेकीचं नुसतं कौतुक. मी तिला दोन कपडे वाळत घालायलाही मदत केली. इतकी मी खुशीत होते.

शेवटची चाचणी मॅडमच्या मोठ्या खोलीत झाली. मॅडम, बाहेरून आलेले एक परीक्षक आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई. जमिनीवर सरळ पट्टी, शेवटाला उतार, पलीकडे पायऱ्या. त्या दिवशी आम्ही दोघी खोलीत असणार होतो. आईने केस धुतले होते आणि पोस्टात असताना साहेबांच्या भेटीला घालायची तो कोट घातला होता.

आधी टाचणीचा पाय. आई चालायला लागली आणि तोंडही चालायला लागलं.

"हे बघा, वळताना बाहेरच्या अंगाला अजून कुरकुर आहे. मी सांगून दमले. आणि वजन बघा, मीठ भरलंय का यात? चढ बरा चढतोय, पण उतरताना ढकलतो मला, मेला."

डॉक्टरीणबाई हसू दाबत लिहून घेत होत्या. टाचणी खाली मान घालून उभी. मी मात्र आईच्या प्रत्येक वाक्याला उंच होत होते.

मग माझा. आईने तो पायात चढवला, उठली, माझ्याकडे बघून हसली. सरळ पट्टी पार केली. पडदा हिरवा. वळली. हिरवा.

"कसं वाटतंय, आजी?" परीक्षकांनी विचारलं.

"बरंय. एकदम बरंय. माझ्या मुलीने केलाय."

माझ्या मुलीने केलाय! ते सगळ्यांनी ऐकलं, टाचणीनेसुद्धा. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं. ती ना पडद्याकडे बघत होती, ना माझ्याकडे. ती आईकडे बघत होती.

"आता चढ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि जमलं तर परत एकदा."

आई चढ चढली. उतरली. परत वळली. टाचणी माझ्या कानाशी आली.

"थांबव."

"का? जळतेस?"

"हो, जळते. पण थांबव. त्या गप्प आहेत."

"मग? बरं वाटतंय म्हणून गप्प आहे."

"मिरचे, तुझी आई गप्प आहे. अगं, तुझी आई! दुखत नसलं तरी ती बोलते. पडद्याकडे नको बघूस. तिच्या मुठीकडे बघ."

आईचा डावा हात कोटाच्या बाहीत आत ओढलेला होता, आणि बाहीच्या टोकाला बोटं पांढरी पडली होती. तोंडावर ते मघाचंच हसू. तसंच्या तसं, चिकटवल्यासारखं. मी पडद्याकडे बघितलं. नडगीचा आकडा चढत होता, चढतच होता, आणि त्याच्याभोवती सगळं हिरवं. हिरवं असणारच. हिरवं मीच केलं होतं.

आणखी एक फेरी झाली की संपणार होतं. परीक्षक मान डोलवत होते. मॅडम पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी थांबल्या होत्या. मी गप्प बसले असते तर हॉस्पिटल माझं होतं. हे सगळं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं, आणि हावही सुटली, खोटं कशाला बोलू? आईने चढावर पाऊल ठेवलं.

"थांबा!" मी ओरडले. "आई, बस. खाली बस आधी!"

"अगं, झालंच आहे..."

"बस म्हणते ना!"

मी गुडघ्यावर बसून सॉकेट काढलं. आतलं मऊ कापड नडगीपाशी लाल झालं होतं. ते सोलून काढलं तर खाली कातडी फाटलेली, आणि तिच्या बाजूला जुन्या जखमांचे वाळलेले डाग. कितीतरी. प्रत्येक बरंयचा एक. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते असं.

डॉक्टरीणबाई औषधाची पेटी आणायला धावल्या. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काही नाही गं. बरंय."

आणि माझं डोकं सणकलं. सगळ्यांसमोर.

"काय बरंय? काय बरंय, आई? रक्त आलंय! खोटं का बोललीस माझ्याशी? हिला सगळं खरं सांगितलंस, टाच्... वहिनीला, आणि मला? मी कोण आहे?"

"तू माझी मुलगी आहेस," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक. पोस्टाच्या खिडकीतून असा आवाज कधी आला नसेल. "पहिल्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे अशी बघत होतीस, बाळ. रात्र रात्र जागून केलास तू तो. टोचतंय कसं म्हणू? तुझं तोंड एवढंसं झालं असतं."

"आणि हिचं झालं तरी चालतं?"

"सून आहे ती," आई म्हणाली, यात विचारण्यासारखं काय आहे अशा थाटात. "सुनेला बोलायला काय होतंय?"

मॅडम चष्मा पुसत होत्या. घरचं माणूस गोड असतं, हे त्यांनी परत म्हटलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

हॉस्पिटलला टाचणी गेली. जायलाच हवी होती. तिने कोरून कोरून केलेली वाटी खरी होती, कारण ती खऱ्या शिव्यांवर बेतलेली होती. माझा प्रबंध परत सुरू. मॅडमनी एवढंच लिहिलं की पेशंटच्या नुसत्या उत्तरांवर विसंबून मर्यादा ठरवू नयेत, आणि त्यावर एक अख्खं प्रकरण लिहून आण. लिहितेय.

आईची जखम भरल्यावर मी परत तिच्यासमोर बसले. नवीन सॉकेट, नवीन सेन्सर.

"आई, आज मी तुझी मुलगी नाही. सून आहे असं समज."

"चल, काहीतरीच."

"समज तर. मी तुझ्या मुलाला नादी लावलं. सकाळी उशिरा उठते. बाथरूम अडवते."

आईने वाटी पायात चढवली. मग उठून चार पावलं चालली, आणि तोंड उघडलं.

"वाटी आहे का शिक्षा? ही मागची कड कुणी ठेवली अशी? बसताना मांडीत घुसते, दिसत नाही? आणि इतके दिवस कॉलेजात काय, झोपा काढत होतीस? पिनकोड कोण लिहिणार, मी?"

मी भराभरा लिहून घेत होते आणि डोळे पुसत होते. आईने ते बघितलं आणि ती मधेच थांबली, तर मी म्हटलं, "थांबू नकोस, मेले, बोल!" आईला मेले म्हणाले मी. ती हसत हसत परत सुरू झाली. मग मी आत जाऊन कोरलं. परत शिव्या. परत कोरलं. इतकी बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती, आणि त्या आठवड्यात मी सगळ्यांत सुखी होते.

काल संध्याकाळी टाचणी हॉस्पिटलमधून आली. तिनेही तिच्या पायाची वाटी बदलली होती, हलकी केली होती. ती आईच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. मी बाहेर कान देऊन बसले, सवयच ती. आतून आरडाओरडा नाही. काही नाही. चार पावलं वाजली आणि दार उघडलं.

टाचणी बाहेर आली ती नुसती फुललेली. "मिरचे! म्हणाल्या! आज मला म्हणाल्या, बरंय! 'बरंय गं, बाळ' म्हणाल्या!"

बाळ.

माझ्या छातीत अशी कळ आली म्हणून सांगू. दादा गेला तेव्हा नाही, मॅडम गेल्या तेव्हा नाही, हॉस्पिटल गेलं तेव्हासुद्धा नाही. आता खरी आई गेली. वाटून घेतली. मी उठले, तिला बाजूला सारलं आणि दाराकडे निघाले.

"काय झालं?" ती घाबरून मागे आली. "कुठे चाललीस?"

"खुश काय होतेस, वेडे?" मी म्हटलं. "चल आत. पाय काढून बघ आधी."